धर्म बदलला म्हणजे नेमके काय बदलले?

नेर परसोपंत हे यवतमाळ–अमरावती रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. कपाशी, सोयाबीन आणि तुरीवर इथला वर्षाचा हिशेब चालतो, आणि कोण कुठल्या देवाला हात जोडतो हे अशा गावात फार दिवस झाकून राहत नाही. घरातले कोणी रविवारी प्रार्थनेला जाऊ लागले की ‘बाटला’ हा शब्द त्याच्या आधी गल्लीत पोहोचतो. या एका शब्दात पाच-सहा समजुती गुंडाळलेल्या असतात. त्या बाळगणारी माणसे वाईट नसतात. बहुतेकांच्या मनात आपल्या माणसाची काळजीच असते. पण काळजी खरी असली तरी तिच्यामागची माहिती खोटी असू शकते, आणि या बाबतीत ती बरीचशी खोटी आहे.

मुळात ख्रिस्ती मंडळी यवतमाळ जिल्ह्याला नवीन नाहीत. अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट मिशनचे काम या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळातच सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीत गेली, तोवर तीस वर्षे वेगवेगळ्या प्रांतांतले विद्यार्थी पाळक होण्याचे शिक्षण घेण्यासाठी इथे येत होते. इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही पुढच्या समजुती टिकून आहेत.

‘ख्रिस्ती झाला म्हणजे साहेब झाला. नाव, भाषा, जेवणखाण सगळे सोडावे लागते.’

ही समजूत हवेतून आलेली नाही. वसईत परेरा, लोपीस, दिब्रिटो अशी आडनावे आहेत. हिंदी सिनेमाने तर वर्षानुवर्षे ख्रिस्ती पात्र म्हणजे फ्रॉक, गिटार आणि मोडके हिंदी असेच दाखवले. ज्याचा खऱ्या ख्रिस्ती घराशी कधी संबंध आला नाही, त्याने दुसरे काय समजावे? पण वसईची आडनावे हा पोर्तुगिजांच्या सत्तेचा ठसा आहे. ती सत्ता १५३४ मध्ये आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर गेली. पोर्तुगीज गेले, वसईचे ख्रिस्ती मात्र आपापल्या वाडीत, आपापली बोली बोलत राहिले. त्यांच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो मराठी अनुवादासाठीच.

विदर्भातल्या मंडळींकडे तर पोर्तुगीज आडनावेही नाहीत. कवी नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेण्याआधी नारायण वामन टिळक होते, आणि ९ मे १९१९ रोजी मरण पावले तेव्हाही नारायण वामन टिळकच होते. त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, कीर्तनाची परंपरा उपासनेत आणली, आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा काढला तो ख्रिस्तभक्तीला इथल्या मातीत स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. तिथेही त्या शाकाहारी राहिल्या, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का चालणार नाहीत, असा वाद त्यांनी ज्या धर्मभगिनींच्या आश्रयाला होत्या त्यांच्याशीच घातला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे दिली. परकी होऊ पाहणारी बाई साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीसाठी एवढा जीव का टाकेल?

खेड्यातली रविवारची उपासना एकदा जवळून पाहावी. चपला उंबऱ्याबाहेर, खाली सतरंजी, बायका एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या, ढोलकी आणि टाळ, आणि हातात पाने सुटत आलेले ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक. त्यातली कितीतरी गीते टिळकांची आहेत. प्रार्थनेनंतर कोणी उठून ‘साक्ष’ देतो: पूर्वी कसा होतो, प्रभूने कसा बदलला. ती साक्षही वऱ्हाडीतच असते. तिथे साहेब शोधून सापडणार नाही.

बाप्तिस्म्यासाठी नाव बदलण्याची सक्तीही नाही. ज्याला नाव किंवा धर्माची नोंद कागदोपत्री बदलायची आहे, त्याच्यासाठी शासनाच्या राजपत्राचा वेगळा मार्ग आहे. अनेकजण तिकडे जातच नाहीत.

‘हा इंग्रजांचा धर्म. त्यांच्या राज्याबरोबर आला.’

शाळेच्या इतिहासात मिशनरी आणि गोरा अधिकारी एकाच धड्यात भेटतात, म्हणून हे खरे वाटते. तारखा मात्र वेगळे सांगतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले, तेव्हा इंग्रजांकडे हिंदुस्थानात सुरतेच्या वखारीखेरीज फारसे काही नव्हते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पुराणांसारखे वाचायला-ऐकायला काही हवे होते, म्हणून हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी काव्य जन्मले. ईस्ट इंडिया कंपनीला तर मिशनरी नकोच होते. धर्माच्या भानगडीने व्यापार बिघडेल ही तिला धास्ती. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले तेव्हा सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम काढला होता. नंतर राज्यकर्ते आणि मिशन यांच्यात जवळीक झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण धर्म इंग्रज राज्याच्या शेपटाला बांधून आला, हे त्या तारखांत बसत नाही.

‘पोटासाठी बाटतात. वरून पैसा येतो, त्याचीच ही भुरळ.’

सर्वांत जास्त बोलली जाणारी समजूत हीच, म्हणून इथे जरा थांबायला हवे. तिच्यामागे खरा इतिहास आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत मिशनने अन्न वाटले, अनाथ मुले सांभाळली, आणि त्याच काळात अहमदनगरच्या बाजूला महार-मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती मंडळीत आले. भुकेल्या माणसाला भाकर देणाऱ्याच्या देवाबद्दल कुतूहल वाटले असेल, काहींनी भाकरीसाठीच होकार दिला असेल. हे मान्य करायला हरकत नाही. मग पुढचे प्रश्नही विचारले पाहिजेत. दुष्काळ संपला, तरी त्यांची नातवंडे-पणतवंडे त्याच मंडळीत का राहिली? आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला तिथे पहिल्यांदा पंक्तीत बसायला मिळाले, मुलाच्या हातात पाटी आली, याला आमिष म्हणायचे की माणूसपण?

विदर्भाच्या बाबतीत या समजुतीला एक सरकारी आधारही मिळाला. १९५४ मध्ये, विदर्भ मध्य प्रदेशात असताना, त्या सरकारने मिशनरींच्या कामाची चौकशी करण्यासाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ च्या अहवालाने परदेशी पैसा, शाळा आणि दवाखाने यांवर कडक ताशेरे मारले. त्याचा दाखला आजही दिला जातो. पण त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धर्म स्वीकारला, तेव्हा दीक्षा घेणाऱ्या नामवंतांत हे नियोगीही होते. म्हणजे आमिषाबद्दल इतके कठोर लिहिणाऱ्या न्यायाधीशालाही, विचारपूर्वक धर्म बदलणे हा माणसाचा हक्क आहे याबद्दल शंका नव्हती. दोन्ही गोष्टी एकत्र धरता येतात, धरायलाच हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले की, राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदात धर्मप्रसाराचा हक्क आहे, पण त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. विवेकाचे स्वातंत्र्य ज्याचे त्याचे आहे. पैसे देऊन, धमकावून कोणी धर्म बदलायला लावला तर ते निखालस चूक. पण पुरावा नसताना प्रत्येक विश्वासीवर तोच आरोप ठेवणे म्हणजे त्याला स्वतःचे मन आहे, हेच नाकारणे.

हिशेबानेही ही समजूत टिकत नाही. टिळकांना धर्मांतराने मिळाले काय? घर तुटले, पत्नी काही वर्षे दुरावली, नातेवाइकांनी जिवंतपणी मेला म्हणून सोडले. आजच्या गरीब माणसाचे काय जाते, ते पुढे येईलच.

‘गावेच्या गावे ख्रिस्ती होत चालली आहेत.’

जनगणना पाहावी. महाराष्ट्रात २००१ मध्ये ख्रिस्ती १०,५८,३१३ होते, २०११ मध्ये १०,८०,०७३. दहा वर्षांत बावीस हजारही वाढले नाहीत. एकूण लोकसंख्येतला त्यांचा वाटा तर १.०९ टक्क्यांवरून ०.९६ टक्क्यांवर आला. देशात १९५१ मध्ये तो २.३ टक्के होता आणि २०११ मध्येही २.३ टक्केच. प्रार्थनेला जाणारा प्रत्येकजण गणनेच्या वेळी ‘ख्रिस्ती’ सांगत नाही, हे खरे. पण तेवढ्याने लाट उभी राहत नाही. मिशनच्या शाळेत शिकला तो ख्रिस्ती होतो, हेही असेच. महात्मा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिला.

‘बाप्तिस्मा घेतला की जात गेली.’

ही समजूत मंडळीच्या आतही आहे आणि बाहेरही. आतले लोक ती आशेने बाळगतात, कारण ख्रिस्तात कोणी उच्च-नीच नाही ही शिकवण त्यांनी मनापासून स्वीकारलेली असते. दुर्दैवाने लग्न ठरवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न ख्रिस्ती घरांतही विचारला जातो. श्रद्धेने माणसाला जात सोडण्याचे बळ मिळते. ती सोडण्याचे काम मात्र त्यालाच करावे लागते.

कायदा तर आणखी वेगळे बोलतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंनाच होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. म्हणजे गावाच्या नजरेत जात राहते आणि सवलत तेवढी जाते. शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा, राखीव वॉर्ड हे सगळे पणाला लागते, आणि ‘फायद्यासाठी धर्म बदलला’ म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. ती अमलात आलेली नाही. अनुसूचित जमातींचे तसे नाही. त्या आदेशात धर्माची अट नाही, म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम, गोंड किंवा आंध कुटुंबाने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली तर केवळ तेवढ्यावरून त्यांचा जमातीचा दर्जा जात नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ करून लोकांना घाबरवले जाते. दुसरीकडे, मनाने ख्रिस्ती आणि कागदावर सवलतीपुरते हिंदू अशी दुहेरी नोंद ठेवण्याचा सल्लाही चुकीचाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेल्वराणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला राज्यघटनेशी केलेली फसवणूक म्हटले आहे.

‘धर्म बदलला की बापाच्या वावरावरचा हक्क संपला.’

शेतीवाल्या तालुक्यात ही धमकी भावाभावांच्या भांडणात हमखास निघते. एके काळी शास्त्र-रूढीनुसार तसे होते, म्हणून ती खरी वाटते. पण १८५०च्या २१व्या कायद्यानेच, धर्म वा जात सोडल्याने वारसाहक्क जाणार नाही असे ठरवले होते. आजचा १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदाही खुद्द धर्म बदलणाऱ्याला अपात्र ठरवत नाही. त्याच्या २६व्या कलमात एक खोच आहे, ती माहीत असावी: धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना आणि त्यांच्या वंशजांना हिंदू नातेवाइकांची मालमत्ता वारसाने मिळत नाही, वारसा उघडतो त्या वेळी ते हिंदू असतील तरच मिळते. म्हणजे मुलाचा हिस्सा शाबूत, पण नातवाचा सरळ आजोबांकडून येणारा हक्क अडचणीत येऊ शकतो. वाटणीच्या कागदावर अंगठा देण्याआधी हे वकिलाकडून नीट समजून घ्यावे, भावाच्या तोंडून नव्हे.

‘प्रभूवर विश्वास ठेवला की गोळ्या लागत नाहीत, आणि दारू त्याच रात्री सुटते.’

हा गैरसमज बाहेरच्यांचा नाही, विश्वासी मंडळींतल्याच काहींचा आहे, आणि सगळ्यांत धोक्याचा आहे. तो पसरतो कारण त्यात अनुभवाचा अंश असतो. दारूने घर बुडवलेला माणूस प्रार्थनेला येऊ लागतो, मंडळी त्याला नावाने हाक मारते, संध्याकाळी गुत्त्याऐवजी बसायला दुसरी जागा मिळते, बायको बऱ्याच वर्षांनी त्याच्याशी नीट बोलते. अशी माणसे खरोखर सावरतात. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मुळेही एका ख्रिस्ती चळवळीत होती. सावरण्यामागे श्रद्धा आहे, सोबतही आहे.

पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली की शरीर बंड करते. हात थरथरतात, घाम येतो; पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात; दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, भ्रम, ताप अशी अवस्था येऊ शकते आणि तिच्यात माणूस दगावू शकतो. अशा रुग्णाला ‘सैतान झगडतो आहे’ म्हणून घरात प्रार्थनेला बसवून ठेवणे हे पाप नसले तरी जीवघेणे अज्ञान नक्की आहे. त्याला आधी रुग्णालयात न्यावे, प्रार्थना उशाशी करावी. क्षयाचेही तेच. साध्या क्षयाचे औषध सहसा सहा महिने चालते. बरे वाटले म्हणून दुसऱ्या महिन्यात साक्ष देऊन गोळ्या सोडल्या, तर रोग औषधाला दाद न देणारा होऊन परततो आणि घरातल्या पोरांनाही गाठतो.

ख्रिस्ती परंपरेचे नाव घेऊन औषध नाकारणाऱ्याने त्या परंपरेकडे तरी पाहावे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभारले, आणि जवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यातच उमरीला मिशनचे रुग्णालय आहे. १९०५ मध्ये केडगावला मोठी आध्यात्मिक जागृती झाली, मुली रात्र-रात्र प्रार्थना करत. त्याच आवारात शेती, विणकाम, छापखाना आणि अंध मुलींचे शिक्षण चालू होते. रमाबाईंनी एकासाठी दुसरे बंद केले नाही.

‘एकदा नवा जन्म झाला की जुना माणूस संपला.’

मंडळीतली ‘नवी उत्पत्ती’ ही भाषा शब्दशः घेतली की हा समज होतो. घरच्यांना वाटते, आपला मुलगा गेला; मुलालाही वाटते, आई-बापाचे सगळे टाकून द्यायचे. त्यातूनच ‘बाटगा अधिक कडवा’ ही म्हण खरी करणारी माणसे तयार होतात. ती असतात, पण त्यांना वाट पाहायची सवय नसते, एवढाच त्याचा अर्थ.

टिळकांच्या घरात हा बदल किती सावकाश झाला, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सविस्तर आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि तिथून बाप्तिस्म्यापर्यंत सुमारे दोन वर्षे गेली. लक्ष्मीबाईंना आणखी पाच लागली. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांचे सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी चालूच होते, आणि टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. आधी त्यांच्या मनातला जातिभेद गेला. माणसे देवाने केली, जाती माणसांनी केल्या, हे स्वतःशी पटल्यावर त्या सगळ्यांच्या हातचे खाऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. टिळकांच्या मागे त्यांनी त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेले, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहायला बसल्या तेव्हा सुरुवात केली ती माहेरापासून. सोवळ्याने पछाडलेले, बाजारची वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारे वडील त्या पानांत येतात. वर्षानुवर्षे ख्रिस्ती म्हणून जगलेल्या मुलीने त्यांना रंगवले आहे, आणि सगळे सांगूनही त्यांच्याबद्दलची माया कुठे कमी होऊ दिलेली नाही.